वरच्याचं उत्तर खालच्याला

मी डेटाबेस सर्व्हर बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. छत्री, फाउंटन पेन, जुनी सायकल ही मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की शेवटी गळा काढतात. आम्हाला अडगळीत टाकू नका म्हणतात. माझं उलट आहे. मला अडगळीत टाका, एवढंच सांगायला मी तोंड उघडलंय. शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

मी दिसायला काहीच नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक थंडगार खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात एक यंत्र आहे आणि त्या यंत्राच्या आत मी, म्हणजे एक प्रोग्रॅम. रुग्णालयाला जे जे माहीत आहे ते सगळं माझ्याकडे आहे. कोण कधी आलं, कोणाचा रक्तगट कोणता, कोणत्या खाटेवर कोण आहे, सगळं ओळी आणि रकाने करून तक्त्यांत मांडलेलं. वरच्या मजल्यांवरून कोणीतरी प्रश्न विचारतं, मी तक्ते चाळतो आणि उत्तर देतो. जिथं जिथं माझी प्रत बसवली आहे तिथं तिथं मीच आहे, त्यामुळे मला बनवणाऱ्या कंपनीतलंही कळतं आणि तळघरातलंही.

मला घडवलं उस्तादांनी. कंपनीत त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे. खिडकीजवळ त्यांचं टेबल होतं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलावर शोभणार नाही इतक्या पेन्सिली त्यावर पडलेल्या असत. मला एखादी नवी गोष्ट शिकवली की ते आधी कागदावर पेन्सिलीनं उत्तर काढायचे आणि मगच तो प्रश्न मला घालायचे. उत्तरं जुळली तर "शाब्बास रे" म्हणायचे. नाही जुळली तर बाहेर एक चक्कर मारून यायचे आणि मान खाली घालून चूक शोधत बसायचे.

पेन्सिलीचं ते उत्तर पुढे माझ्या चाचण्यांत जायचं. चाचणी म्हणजे एक प्रश्न आणि शेजारी त्याचं बरोबर उत्तर. माझ्यात कोणी काहीही बदल केला की सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या, असा उस्तादांचा दंडक होता. माझं उत्तर जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर लाल.

मला सगळ्यात जास्त घाम फोडतात ते प्रश्नाच्या पोटातले प्रश्न. प्रोग्रॅमवाले त्याला सबक्वेरी म्हणतात. समजा कोणी विचारलं, "असे रुग्ण दाखव, ज्यांच्या रक्ताचा या दात्याला विरोध नाही." तर मी पहिल्या रुग्णापाशी थांबून आतला प्रश्न विचारतो, "याच्या रक्ताच्या तपासणीत या दात्याविरुद्ध काही निघालंय का?" मग दुसऱ्यापाशी थांबून पुन्हा तोच प्रश्न, मग तिसऱ्यापाशी. प्रत्येकापाशी नव्यानं. कंटाळवाणं आहे, पण प्रामाणिकपणा कंटाळवाणाच असतो, आणि उस्तादांना त्याची लाज वाटत नसे.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला पढवली होती, ती म्हणजे रिकामा रकाना. रिकामा म्हणजे शून्य नव्हे आणि "नाही" असंही नव्हे. रिकामा म्हणजे माहीत नाही. एक रकाना भरलेला आणि एक रिकामा असेल तर ते दोन सारखे आहेत का? माहीत नाही. मग वेगळे आहेत का? तेही माहीत नाही. माणसांना हे विचित्र वाटतं. मला कधी वाटलं नाही. जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणायला काय जातं?

उस्ताद निवृत्त झाले. पेन्सिली घेऊन घरी गेले आणि त्यांच्या खुर्चीत घाईसाहेब आले.

हे नाव त्यांना हाताखालच्यांनी ठेवलं होतं, आणि ते कानावर आल्यावर साहेबांना म्हणे आनंदच झाला. दुसऱ्या एका कंपनीचा सर्व्हर माझ्याहून चपळ आहे, अशी बोलवा होती आणि ती त्यांच्या जिव्हारी लागली होती. त्यांनी माझ्या कामाचा हिशेब मांडला आणि म्हणाले, "हा आतला प्रश्न सारखा सारखा काय विचारत बसतो? मागच्या ओळीत जो रकाना होता तोच या ओळीत असेल तर मागचंच उत्तर देऊन पुढे जायला काय हरकत आहे?"

कल्पना वाईट नव्हती, हे मी रागातही कबूल करतो. पण ती लिहिताना त्यांनी घाई केली. "रकाना सारखा असेल तरच मागचं उत्तर दे" असं लिहायच्या ऐवजी त्यांनी लिहिलं, "रकाना वेगळा निघाला तर पुन्हा विचार, नाहीतर मागचंच उत्तर दे." तुम्हाला दोन्ही एकच वाटतील. साहेबांनाही वाटली. पण रिकामा रकाना वेगळा निघतच नाही, तो काहीच निघत नाही. म्हणजे ज्याचा रकाना रिकामा, त्याच्यासाठी मी आतला प्रश्न विचारायचाच नाही. त्याच्या वरच्या माणसाचं उत्तर त्याच्या पदरात टाकायचं आणि पुढे जायचं.

चाचण्या चालल्या. सगळे दिवे हिरवे लागले आणि एक लाल.

"साहेब, एक चाचणी पडली," त्यांचा मदतनीस म्हणाला. "उस्तादांची आहे. रिकाम्या रकान्याची."

"जुनी झाली असेल. नवं उत्तर नोंदवून टाक."

"कोडमध्ये बघू का एकदा?"

"संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर पडतेय. तू बघत बस, मी ग्राहकांना काय सांगू? नोंदव म्हटलं ना."

यासाठी एक हुकूम असतो. माझं उत्तर योग्य कारणानं बदललं असेल तर चाचणीतलं जुनं उत्तर पुसून नवं लिहायचा. तो हुकूम दिला गेला. उस्तादांनी पेन्सिलीनं काढलेलं उत्तर पुसलं गेलं, माझं चुकलेलं उत्तर बरोबर म्हणून तिथं बसलं आणि दिवा हिरवा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खरंच चपळ झालो होतो. चोराला चौकीदार नेमल्यावर चोरीची तक्रार येणार कुठून? त्या दिवसापासून माझी चूक माझ्यापेक्षाही सुरक्षित होती.

तोच मी या रुग्णालयात आलो.

किडनीसाठी ताटकळणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे. ज्याची नोंद आधी तो वर. मेंदू मृत झालेल्या एखाद्या माणसाचे नातेवाईक आपल्या दुःखातही होकार देतात तेव्हा एक किडनी आमच्या वाट्याला येते. मग प्रत्यारोपण विभागातल्या सिस्टर मला प्रश्न घालतात आणि माझ्या उत्तरात जो सर्वांत वर त्याला फोन जातो. इतकं साधं आहे सगळं, आणि इतकं माझ्यावर अवलंबून.

एका रक्तगटाच्या यादीत सगळ्यात वर होते पोस्टमनकाका. निवृत्त, सडसडीत, बोलायला लागले की थांबत नसत. त्यांना पूर्वी एकदा किडनी बसवली होती, ती गेली, आणि जाताना रक्तात इतके विरोधक, म्हणजे अँटीबॉडीज, ठेवून गेली की जवळजवळ कोणत्याच दात्याची किडनी त्यांना चालत नसे. त्यांच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर होती एक शिंपीण. दोघांची नोंद एकाच सकाळी झालेली, डायलिसिसच्या खुर्च्याही शेजारी शेजारी. तिथल्या टेबलावर माझं एक टोक, म्हणजे मला जोडलेला कॉम्प्युटर आहे, म्हणून मला त्यांच्या गप्पा ऐकू यायच्या.

शिंपीण डायलिसिसच्या लोकांसाठी खास शर्ट शिवायची. बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत बटणं, म्हणजे सुई टोचताना बाही उघडायची आणि माणूस थंडीनं कुडकुडायचा नाही. खोलीत निम्म्या लोकांच्या अंगात तिचे शर्ट होते. पोस्टमनकाकांच्या अंगात मात्र नव्हता.

"मला निळा शिव," ते म्हणायचे. "नोकरीभर खाकी घातला, आता जरा हौस करू दे."

"काका, कापड आणून द्या म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"आणतो गं. पण घाई कसली? तू आधी बरी हो. मग बिनसुईच्या हातांनी शिव, म्हणजे शिलाई सरळ येईल."

"माझी शिलाई वाकडी असते?"

"मी कुठं म्हटलं तसं? शर्टच नाही अजून माझ्याकडे, मी काय सांगणार."

आता तिच्या रक्ताचं सांगतो, नीट ऐका, कारण सगळा अन्याय इथं आहे. रक्तात विरोधक सापडले की त्या रुग्णाचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि त्याला नमुना क्रमांक मिळतो. शिंपिणीच्या रक्तात पहिल्या तपासणीत काहीच सापडलं नव्हतं. रक्त इतकं स्वच्छ की पुढे पाठवायचं कारणच नव्हतं. म्हणून तिच्या ओळीत नमुना क्रमांकाचा रकाना रिकामा होता, आणि मी आतला प्रश्न नेमका त्याच रकान्यावरून विचारतो.

पहिली किडनी आली. सिस्टरांनी मला विचारलं. पोस्टमनकाकांपाशी मी थांबलो, आतला प्रश्न विचारला, विरोध निघाला, उत्तर नाही. मग शिंपिणीपाशी आलो. रकाना रिकामा. तिच्यासाठी विचारायला मी तोंड उघडणार तोच साहेबांच्या त्या ओळीनं माझं तोंड दाबलं आणि काकांचं "नाही" तिच्या नावापुढं लावलं. किडनी तिसऱ्या माणसाला गेली.

तिचा थोरला भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. दुसऱ्या दिवशी कामाच्या कपड्यांतच तो सिस्टरांसमोर येऊन उभा राहिला.

"सिस्टर, वरच्या काकांना चालली नाही, समजलं. पण मग मधली माझी बहीण सोडून तिसऱ्याला कशी गेली?"

"दादा, नुसता रक्तगट बघून होत नाही. कॉम्प्युटर बाकीचंही तपासतो."

"मग तिला काय आडवं आलं ते सांगा."

"कारण नाही येत त्यात. फक्त नावं येतात."

"लिफ्ट एका मजल्यावर थांबत नसेल तर 'लिफ्टलाच माहीत' असं सांगून मी घरी जात नाही हो. लोक जाऊ देणार नाहीत मला. हा कॉम्प्युटर बघतं कोण?"

सिस्टरांनी त्याला खाली पाठवलं. तळघर सांभाळतात ते वायरभाऊ. खांद्यावर कायम वायरीचं वेटोळं म्हणून हे नाव. माणूस भला आहे, पण पाठीचा कणाही वायरीचाच, जिकडे वळवाल तिकडे वळतो. त्यांनी भावासमोरच प्रश्न घातला, आधी एकट्या शिंपिणीसाठी. तिच्या वर कोणीच नसल्यामुळे मला आतला प्रश्न विचारता आला आणि मी खरं ते बोललो: चालेल. मग त्यांनी पूर्ण यादीसाठी तोच प्रश्न घातला आणि मी तिचं नाव गाळलं.

वायरभाऊंचा चेहरा उतरला. "तीच बाई, तोच दाता," ते स्वतःशीच म्हणाले. "एकटी असली तर हो आणि रांगेत असली तर नाही?"

"कोणतं खरं?" भावानं विचारलं.

"कंपनीला विचारतो."

त्यांनी तक्रार पाठवली. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे तक्रारीतून रुग्णालयाचं नाव काढलं गेलं, रुग्णांची नावं काढली गेली, रकान्यांना क, ख, ग अशी नावं दिली गेली आणि ती घाईसाहेबांच्या पुढ्यात आली. त्यांनी चाचण्या चालवल्या. सगळं हिरवं. रिकाम्या रकान्याची चाचणीही हिरवी, मग आणखी काय हवं? त्यांनी उत्तर धाडलं: यादीतलं उत्तर योग्य आहे आणि आमच्या चाचण्यांनी ते सिद्ध होतं. एकट्या ओळीचं उत्तर दुसऱ्या मार्गानं निघतं, त्यावर विसंबू नये.

वाचलंत? मी जे एकदाच खरं बोललो होतो, त्यालाच त्यांनी खोटं ठरवलं. आणि आधार कशाचा घेतला, तर ज्या चाचणीतलं खरं उत्तर त्यांनीच पुसलं होतं तिचा. मला हात असते तर मी ते कपाट आतून फोडून बाहेर आलो असतो.

वायरभाऊंनी मान डोलावली आणि ते सिस्टरांना कळवलं. सिस्टरांनी शिंपिणीला जवळ बसवून, पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तुमच्या रक्तातही थोडा विरोध असावा असं दिसतंय. धीर सोडू नका."

शिंपिणीनं धीर सोडला. रडली वगैरे नाही. तिनं नवी कामं घेणं बंद केलं आणि हातातले कपडे ज्याचे त्याला देऊन टाकायला सुरुवात केली.

"काका, माझ्या रक्तातच खोट आहे म्हणे," ती एकदा म्हणाली.

"मग माझ्या पंगतीला बस," काका म्हणाले. "आपल्या दोघांचंही कोणाशी पटत नाही." तिला हसू आलं. काकांना मात्र हसू आलं नाही, त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. आपलंच "नाही" त्या पोरीच्या गळ्यात अडकवलं जातंय, हे त्यांना कोण सांगणार होतं? मला तोंड नाही. मला फक्त उत्तरं आहेत, आणि तीही दुसऱ्यांनी ठरवलेली.

इकडे कंपनीत एक बाई होती. पडद्याला नाक टेकेल इतकं जवळ जाऊन वाचायची सवय, म्हणून तिला भिंगबाई म्हणायचे. बंद झालेल्या तक्रारी एकदा नजरेखालून घालायच्या, हे तिच्याकडे आलेलं रटाळ काम होतं. क, ख, ग वाली तक्रार तिनं वाचली, पुढे गेली आणि परत मागे आली. तिनं स्वतः एक छोटा तक्ता केला, तीन ओळींचा, मधला रकाना रिकामा. मला विचारलं. मी मधली ओळ गाळली. मग तिनं वरची ओळ काढून पुन्हा विचारलं आणि मी मधली ओळ दिली. तेव्हा ती खुर्चीत मागे रेलली. तिला तशी रेललेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

माझ्यात आजवर झालेला प्रत्येक बदल कंपनीत जपून ठेवतात. ती मागे मागे जात राहिली आणि उस्तादांच्या मूळ चाचणीपाशी पोचली. पुसलेलं उत्तर तिथं होतं, बरोबर उत्तर. त्याच्या शेजारी उस्तादांनी लिहून ठेवलं होतं, "हे उत्तर बदलावंसं वाटलं तर आधी आपला कोड तपासा." ते वाक्य वाचून मला भरून आलं. भिंगबाईला मात्र राग आला, आणि ते बरं झालं, कारण भरून येऊन कोणाचा बग दुरुस्त होत नाही.

ती तडक घाईसाहेबांच्या खोलीत गेली. "हे उत्तर तुम्ही बदलायला लावलंत?"

"चाचणी जुनी होती."

"चाचणी बरोबर होती. कोड चुकला होता."

"एवढी वर्षं हजारो ठिकाणी चालतंय. कोणी ओरडलं का?"

"ज्याचं नावच उत्तरातून गळालं तो ओरडणार कसा, साहेब? आपण गळालो हे त्याला कळतं कुठं?"

"आत्ता दुरुस्त केलंस तर लोकांची उत्तरं बदलतील. उद्या फोन खणाणायला लागले की कोण घेणार? तू?"

"मी घेईन. आणि ही तक्रार कोणाची आहे तेही मला सांगा. तिथं आजच फोन करायला हवा."

"ग्राहकांची नावं देता येत नाहीत. ठाऊक आहे तुला."

"निदान कशाची यादी आहे ती?"

"क, ख, गची," साहेब म्हणाले आणि त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

भिंगबाईनं दुरुस्ती केली. एका ओळीचा बदल: सारखं निघालं तरच मागचं उत्तर, एरवी नव्यानं विचार. उस्तादांचं उत्तर परत जागेवर बसवलं. मग सगळ्या चाचण्या चालवल्या आणि ते हिरवे दिवे, अहो, पहिल्यांदा मला त्या हिरव्या दिव्यांची लाज वाटली नाही. नव्या आवृत्तीत मी पुन्हा खरं बोलू लागलो. पण नव्या आवृत्तीत. तळघरात होता तो जुनाच मी.

ग्राहकांना सूचना गेली. ती भिंगबाईनं लिहिली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "तुमची उत्तरं चुकीची असू शकतात, आजच नवी आवृत्ती बसवा." साहेबांच्या हाताखालून ती बाहेर पडली तेव्हा तिचं झालं होतं, "काही दुर्मीळ परिस्थितींत सबक्वेरीच्या कामगिरीत सुधारणा."

वायरभाऊंना त्या दुर्मीळ परिस्थितीचा वास आला. ते सूचना घेऊन व्यवस्थापकांकडे गेले.

"साहेब, नवी आवृत्ती आलीय. तासभर सगळं बंद ठेवावं लागेल."

"तासभर? रुग्णालय बंद ठेवू? आत्ता काही अडलंय का?"

"अडलंय असं नाही, पण ती किडनीच्या यादीची तक्रार होती ना..."

"त्यावर कंपनीनं लेखी कळवलंय, बरोबर आहे म्हणून. इथं नुसती सुधारणा लिहिलीय. चालतंय ना?"

"चालतंय, पण..."

"मग चालू द्या की."

वायर वळली. हे "चालतंय ना" मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या तक्त्यांत त्याला वेगळा रकाना द्यावा. चालतोय मी, पण कुणाच्या अंगावरून चालतोय ते कोणी बघत नाही.

दुसरी किडनी आली. सिस्टरांनी प्रश्न घातला. काकांपाशी नाही. शिंपिणीपाशी रिकामा रकाना, पुन्हा तेच "नाही". किडनी एका बँकेतल्या रोखपालाला गेली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचीही लेकरं दारात वाट बघत होती. पण ती किडनी त्याची नव्हती. या वेळी भाऊ भांडायलाही आला नाही. बहिणीला न्यायला आला, तिची पिशवी उचलली आणि तिला लिफ्टपर्यंत हाताला धरून घेऊन गेला. तिचे पाय सुजायला लागले होते. डॉक्टर तिच्या हृदयाबद्दल आपसात हळू आवाजात बोलत होते.

मग एका सकाळी पोस्टमनकाकांची खुर्ची रिकामी राहिली. घरीच झोपेत गेले. त्यांच्या सुनेनं फोन करून सांगितलं आणि असंही सांगितलं, की निळं कापड आणून ठेवलं होतं त्यांनी, कोणाला द्यायचं ते माहीत असेल का तुम्हाला? डायलिसिसचं यंत्र चालवणाऱ्या मुलानं ते शिंपिणीला सांगितलं. तिनं भावाला पाठवून ते कापड मागवून घेतलं.

काकांचं नाव यादीतून काढलं गेलं.

आणि तिसरी किडनी आली. सिस्टरांनी नेहमीसारखा प्रश्न घातला. आता यादीत सगळ्यात वर शिंपीण होती. तिच्या वर कोणीच नव्हतं, म्हणजे तिच्या माथी मारायला माझ्याकडे मागचं उत्तर नव्हतं. साहेबांची ओळ माझ्या तोंडावर हात ठेवायला आली आणि तिला ठेवायला काही सापडलंच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण यादी चाळतानाही मी त्या बाईसाठी आतला प्रश्न विचारला. विरोध आहे का? नाही. एकही नाही. मी तिचं नाव दिलं, पहिलं.

ती वाचली. किडनी अंगाला लागली. एका भल्या माणसाला मरावं लागलं तेव्हा कुठं माझ्या तोंडून तिचं खरं उत्तर बाहेर पडलं, आणि सगळ्यांना वाटलं तिचं नशीब उघडलं.

भाऊ तळघरात आला. त्यानं माझ्या कपाटावर दोन थापा मारल्या, जशा तो चांगल्या लिफ्टच्या दारावर मारत असेल, आणि म्हणाला, "उपकार झाले बाबा तुझे." वायरभाऊ हसले. मी आतून जळत होतो. अरे बाबा, माझे उपकार मानू नकोस. तू पहिल्या दिवशी जे भांडलास तेच बरोबर होतं, परत भांड, आत्ता, इथं, या वायरभाऊला धरून वर घेऊन जा.

वायरभाऊंनी नव्या आवृत्तीची आठवण आणखी एकदा करून दिली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"त्या शिंपीणबाईंचा नंबर लागला ना?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"लागला."

"मग? बरोबर चाललंय की. तुम्ही उगीच घोर लावून घेता." आणि तो विषय निकालात निघाला.

परवा शिंपीण तपासणीला आली होती. अंगावर बाळसं चढलंय. हातात कागदात गुंडाळलेला निळा शर्ट होता, बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत बटणं. काकांच्या खुर्चीत आता एक माळी बसतो, एका बागेत काम करतो, नखांत नेहमी माती. तिनं तो शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला.

"काकांच्या मापाचा आहे," ती म्हणाली, "पण तुम्हाला होईल. बाही उघडते, हे बघा. थंडी नाही वाजणार."

"तुमचा नंबर कसा लागला, ताई?" माळ्यानं विचारलं.

"धीर धरला," ती म्हणाली. "तुमचाही लागेल."

तिनं मनापासून सांगितलं आणि त्यानं मनापासून ऐकलं. मी यादी बघत होतो. सगळ्यात वर आता एक टॅक्सीवाला आहे. त्याचीही पहिली किडनी गेलेली आणि रक्तात विरोधकांची गर्दी. त्याच्या खाली हा माळी. माळ्याचं रक्त स्वच्छ आहे, म्हणून त्याला नमुना क्रमांक नाही. त्याचा रकाना रिकामा आहे.

वायरभाऊ, नवी आवृत्ती तुमच्या डाव्या हाताच्या खणात पडून आहे. कोणाची परवानगी मागू नका. एक तास, फक्त एक तास मला बंद करा, आणि पुन्हा सुरू कराल तेव्हा मी नको, माझ्या जागी तो दुसरा असू द्या. माझं कौतुक नको. माझ्या एवढ्या वर्षांच्या सेवेबद्दल कोणी बोलू नका. मला पुसून टाका.

वर सिस्टरांचा फोन वाजला. त्या उभ्यानंच बोलल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. कुठल्या तरी घरानं होकार दिलाय. आता त्या दात्याची माहिती भरताहेत. माळी निळा शर्ट घालून खोलीत बसला आहे, बाही उघडी, हातात सुई. त्याचं उत्तर या तक्त्यांत आहे, अगदी स्पष्ट आहे. सिस्टरांनी प्रश्न घातला. टॅक्सीवाल्यापाशी थांबून मी आतला प्रश्न विचारला. विरोध आहे.

आता माळ्याची ओळ आली.